क्लबहाऊसमध्ये ३१ डिसेंबरची पार्टी आणि तळमजल्यावर बिअर शॉपीचा अर्ज: लायसन कोणाचं, एनओसी कोणाची?

बावधनचा_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. आमचं संकुल पुण्यात आहे, चार विंग, २१२ फ्लॅट, रस्त्याच्या बाजूला ९ गाळे. सहकारी सोसायटी नाही, अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं असोसिएशन आहे, म्हणजे बिल्डर ज्याला कॉन्डोमिनियम म्हणतो ते. कमिटीपुढे एकाच वेळी तीन विषय आलेत आणि तिन्ही दारूचेच आहेत.

१) ३१ डिसेंबरला क्लबहाऊसच्या लॉनवर पार्टी. साधारण १५० माणसं, माणशी वर्गणी, जेवण केटररचं. निम्म्या लोकांना ड्रिंक्स हवीत. दोन मतं आहेत. एक, "प्रत्येकाने आपापली बाटली आणावी, लायसनची गरजच नाही." दुसरं, "वाईन शॉपवाला पाच रुपयांत वन डे परमिट देतो, ते घेतलं की झालं."

२) क्लबहाऊसमध्ये कायमचा बार काउंटर करावा असा तीस-पस्तीस सभासदांचा अर्ज आहे. शनिवार-रविवार तिथे बसून पिणं तसंही चालूच असतं.

३) गाळा नंबर ४ च्या मालकाने बिअर शॉपीसाठी असोसिएशनची एनओसी मागितली आहे. बी विंगच्या महिलांचा ठाम विरोध आहे. गाळेवाला म्हणतो, गाळा कमर्शियल आहे, तुम्ही अडवूच शकत नाही.

प्रत्येक बाबतीत नेमका नियम काय आणि कागद कोणते, एवढंच हवं आहे. दारू चांगली की वाईट हा वाद कृपया इथे नको, तो आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भरपूर झालाय.

---

नियम_वाचक

पहिल्या मुद्द्यातली दोन्ही मतं चुकीची आहेत, आणि पुण्या-मुंबईतल्या निम्म्या संकुलांत हीच दोन मतं चालतात.

आधी पाच रुपयांचं. महाराष्ट्रात दारू *पिणाऱ्याचा* परवाना वेगळा आणि दारू *पाजायच्या जागेचा* वेगळा. दुकानदार जे देतो ते पिणाऱ्याचं परमिट: विदेशी मद्यासाठी एका दिवसाचं ५ रुपयांत, देशीसाठी २ रुपयांत, वर्षाचं १०० ला आणि आजन्म १००० ला. त्या कागदाने एका माणसाला दारू विकत घेण्याचा, जवळ बाळगण्याचा आणि पिण्याचा हक्क मिळतो. लॉनवर दीडशे लोकांना दारू वाटायचा हक्क त्यातून मिळत नाही, भले दीडशे परमिटं फाडा. जागेसाठी लागतं ते तात्पुरतं लायसन, एफएल-४ए. बोलताना दोघांनाही "वन डे"च म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

आता "आपापली बाटली". इथे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ मधली "सामाईक मद्यपान गृह" ही व्याख्या शांतपणे वाचा. मालकाच्या, वापरणाऱ्याच्या किंवा व्यवस्था पाहणाऱ्याच्या फायद्यासाठी जिथे दारू पिऊ दिली जाते ती जागा त्यात येते. फायदा म्हणजे दारूचेच पैसे असं नाही, *जागा वापरायचे* पैसेही त्यात धरले आहेत. आणि पुढचं वाक्य तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: क्लबची जागा, किंवा एकाहून जास्त माणसं लायसनशिवाय जिथे सवयीने पीत असतात अशी कुठलीही जागा, हीसुद्धा सामाईक मद्यपान गृहच.

तुमच्या क्लबहाऊसचं बुकिंग भाडं असोसिएशनच्या खात्यात जमा होतं. शनिवार-रविवारी लोक बसतात हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. दोन्ही निकष पुरे झाले. बाटली कोणी आणली याला महत्त्व उरत नाही.

कलम ६८ अशी जागा उघडणाऱ्याला, चालवणाऱ्याला आणि जिच्या ताब्यात किंवा व्यवस्थेत जागा आहे त्याला पकडतं. क्लबहाऊसची किल्ली कोणाकडे असते? सेक्रेटरी, चेअरमन, इस्टेट मॅनेजर. तिथे पिताना सापडलेल्यांसाठी कलम ८४ आहे. म्हणजे मजा सगळ्यांची आणि मोठं कलम कमिटीवर.

स्वतःच्या फ्लॅटमधलं वेगळं. घरी चार मित्र आले, पैसे घेतले नाहीत, परमिटं आहेत, वयं बसतात, तर लायसनचा प्रश्न येत नाही. मात्र गच्ची, पोडियम, लॉबी, पार्किंग म्हणजे घर नव्हे. त्या सामाईक जागा आहेत, टॉप फ्लोअरवाल्याला गच्ची आपलीच वाटत असली तरी.

३१ डिसेंबरसाठी करायचं ते असं. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर एफएल-४ए चा अर्ज. अर्जदार म्हणून एका माणसाचं नाव द्यावं लागतं, ओळखपत्र आणि पत्ता त्याचाच. असोसिएशनच्या लेटरहेडवर जागा वापरायला परवानगी, तारीख आणि वेळेसह, आणि ती देणाऱ्या ठरावाची प्रत. पाहुण्यांची संख्या खरी लिहा. जागेचं वर्णन "अमुक संकुल" इतकंच ठेवू नका. "क्लबहाऊसचं मागचं लॉन, जलतरण तलावाचा भाग वगळून" असं लिहा आणि साधा हाताने काढलेला नकाशा जोडा. लायसन जागेला असतं. लॉनसाठी घेतलं आणि थंडी वाजते म्हणून बार आतल्या हॉलमध्ये नेला, तर हॉलमधला बार विनापरवाना ठरतो. फी दर आर्थिक वर्षाला बदलते, पोर्टलवर दिसेल ती खरी, आणि खाजगी समारंभाची फी तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमापेक्षा वेगळी असते.

अर्ज डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच टाका. शेवटच्या तीन-चार दिवसांत कार्यालयात अर्जांचा ढीग लागतो. त्रुटी निघाली तर दुरुस्त करायला वेळ राहत नाही.

---

हिशेब_आधी

वर नियम आलेच आहेत, मी व्यवस्थेचं लिहितो. लायसन हातात असूनही पार्ट्या अडकतात त्या बहुतेक पुढच्या गोष्टींमुळे.

माल कुठला. सगळी दारू महाराष्ट्रातल्या लायसनधारक दुकानातून, बिलासह. कोणीतरी हमखास गोव्याहून दोन पेट्या आणलेल्या असतात, "फक्त गोव्यात विक्रीसाठी" असं बाटलीवरच छापलेलं असतं. तपासायला आलेला दुय्यम निरीक्षक सगळ्यात आधी लेबल वाचतो. इथे ती बाटली म्हणजे राज्याचा कर न भरलेला माल, आणि तुमचं एफएल-४ए तिला वाचवत नाही. मिलिटरी कॅन्टीनच्या बाटल्यांचंही तेच. निवृत्त कर्नलसाहेबांनी प्रेमाने दिल्या तरी त्या बार टेबलावर ठेवू नका.

किती. ७५० मिलीच्या बाटलीत ३० चे २५ पेग, ६० चे १२. पिणारे ७५ धरले आणि सरासरी तीन मोठे पेग धरले तर २२५ पेग, म्हणजे १९ बाटल्या. त्यातले तिसरा हिस्सा लोक बिअर-वाईनवर राहतात, म्हणून १३ बाटल्या हार्ड आणि ६५० मिलीच्या चार डझन बिअर पुरतात. सोडा, पाणी आणि बर्फ मात्र अंदाजाच्या दीडपट घ्या. बर्फ संपला की लोक काही न मिसळता पितात, आणि अर्ध्या तासात भांडणं सुरू होतात.

वय. माइल्ड बिअरला २१, हार्ड ड्रिंकला २५. कॉन्डोमध्ये खरी अडचण हीच. सभासदांची मुलं २२-२३ ची, नोकरीला लागलेली, आईबापांसमोर व्हिस्की घेतात आणि कोणाला काही वाटत नाही. कायद्याला वाटतं. दोन रंगांचे मनगटी बँड करा, एक पंचविशीच्या वरच्यांना, एक २१ ते २५ वाल्यांना फक्त बिअरसाठी, आणि बारवरच्या पोऱ्याला सांगा की बँड नाही तर ग्लास नाही. बँड गेटवर आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन बघूनच बांधायचा. सोसायटीतल्या काकूंनी ओळखीवर बांधला की संपलं.

केटरर. "माझ्याकडे परमिट रूमचं लायसन आहे, तुम्ही काळजी करू नका," असं हॉटेलवाला म्हणेल. त्याचं एफएल-३ त्याच्या हॉटेलच्या मंजूर नकाशापुरतं असतं. तिथला स्टॉक उचलून तुमच्या लॉनवर विकणं म्हणजे त्याच्या लायसनचाही भंग. त्याला जेवण आणि वाढपी एवढंच काम द्या.

उरलेला माल. लायसन त्या रात्रीपुरतं आणि त्या वेळेपुरतं. दुसऱ्या दिवशी क्लबहाऊसच्या पॅन्ट्रीत सहा बाटल्या सापडल्या तर तो विनापरवाना साठा, "कालच्या पार्टीच्या आहेत" हा बचाव होत नाही. फोडलेल्या बाटल्या त्याच रात्री मोरीत ओता. सीलबंद बाटली ज्याच्या नावाने बिल आहे आणि ज्याच्याकडे परमिट आहे त्याने घरी न्यावी. हे कोण करणार ते आधी ठरवा, रात्री दीडला कोणी स्वेच्छेने पुढे येत नाही.

पैसे. दारूची वर्गणी मेंटेनन्सच्या खात्यातून फिरवू नका. जेवणाची वर्गणी वेगळी, ड्रिंक्सची वेगळी, आणि ड्रिंक्सची अर्जदाराच्या हातात आगाऊ. न पिणाऱ्या निम्म्या माणसांच्या पैशातून व्हिस्की आली असं ऑडिटमध्ये दिसलं की पुढची सर्वसाधारण सभा त्यातच जाते. बाहेरच्यांना तिकीट विकणार असाल तर तो खाजगी समारंभ राहत नाही. फीचा स्लॅब बदलतो, पोलीस परवानग्याही वाढतात.

आवाज. दारूच्या लायसनने स्पीकरची परवानगी मिळत नाही. उघड्या जागेत रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले ठरावीक दिवस जिल्हाधिकारी मध्यरात्रीपर्यंत सूट देतात आणि ३१ डिसेंबर त्यात बहुधा असतो, पण यादी बघून घ्या. १२ नंतर कसलीच सूट नाही. मद्याची वेळ सरकारने वाढवली म्हणून डीजेची वाढत नाही. शंभर नंबरला, आता ११२ ला, फोन जातो तो दारूसाठी नाही, आवाजासाठी जातो. पोलीस आले की मग दारूचे कागद बघतात.

लायसनची मूळ प्रत बार टेबलाजवळ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, दारूची बिलं त्याच्या मागे. मोबाईलमधला फोटो दाखवत बसू नका.

---

बावधनचा_सेक्रेटरी

दोघांचेही आभार, लेबलचा आणि पॅन्ट्रीचा मुद्दा डोक्यातच नव्हता. बार काउंटरबद्दल? आमच्याच आवारात एक गणपती मंदिर आहे आणि गाळा ७ मध्ये प्री-स्कूल आहे. त्याचा परिणाम होतो का? बिअर शॉपीलाही लागू होईल ना ते?

---

नियम_वाचक

लागू होतं, पण वाटतं तसं नाही.

विदेशी मद्य नियम, १९५३ प्रमाणे शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेपासून ७५ मीटरचं अंतर लागतं. पण "संस्था" शब्दाची त्या नियमांत व्याख्या आहे. धार्मिक संस्था म्हणजे सार्वजनिक पूजास्थान, तेही नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या मालकीचं किंवा व्यवस्थेखालचं. आवारातलं, सभासदांनी वर्गणी काढून बांधलेलं, ट्रस्ट नसलेलं मंदिर त्यात बसत नाही. शाळेचं तसंच. मान्यताप्राप्त पूर्व-प्राथमिक ते माध्यमिक शाळा आणि संलग्न कॉलेज धरतात, खाजगी क्लासेस धरत नाहीत. तेव्हा गाळा ७ च्या प्री-स्कूलला कोणाची मान्यता आहे, आहे की नाही, याचा कागद आधी मिळवा. त्या एका कागदावर तुमचा तिसरा मुद्दा फिरू शकतो. "आमच्याकडे मंदिर आहे" एवढं लिहून दिलेल्या हरकती पहिल्याच चौकशीत गळतात.

कायमच्या बारबद्दल. त्यासाठीचं लायसन एफएल-४, क्लबचं. ते असोसिएशनला सहज मिळेल असं धरून चालू नका. अपार्टमेंट मालकांचं असोसिएशन इमारतीची व्यवस्था पाहण्यासाठी असतं, ते क्लब नव्हे. वेगळी नोंदणीकृत संस्था काढावी लागेल, तिची घटना, सभासद यादी, निवडून आलेली समिती. मग ती संस्था क्लबहाऊस कोणत्या हक्काने वापरणार? क्लबहाऊस ही २१२ फ्लॅट आणि ९ गाळ्यांची अविभक्त सामाईक मालमत्ता आहे. पस्तीस जणांच्या क्लबला ती भाडेपट्ट्याने द्यायची तर उरलेल्या मालकांचा हक्क कमी होतो. पहिल्याच नाराज सभासदाला कोर्टात जायला एवढं पुरतं.

त्याशिवाय मंजूर नकाशा. क्लबहाऊस निवासी प्रकल्पातली सुविधा म्हणून मंजूर झालेलं असतं. तिथे व्यावसायिक वापर सुरू झाला की महापालिका किंवा पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) वापर बदलाची नोटीस काढू शकते. आणि लायसन मिळालंच तर रोजची स्टॉक नोंदवही, मद्याच्या साठ्याला वेगळी कुलूपबंद खोली, दरवर्षी नूतनीकरण, केव्हाही तपासणी. हे सगळं कोण करणार? कमिटीत दरवर्षी खजिनदार मिळायची मारामार असते.

माझं स्पष्ट मत: काउंटरचा नाद सोडा. वर्षात तीन-चार प्रसंगांना एफएल-४ए घ्या, आणि शनिवार-रविवारची बैठक आधी थांबवा. क्लबहाऊसच्या बुकिंग फॉर्मवर एक ओळ छापा: "मद्यपान असल्यास त्या तारखेचं व जागेचं तात्पुरतं लायसन बुकिंगच्या दोन दिवस आधी सादर करावं, अन्यथा बुकिंग रद्द." ती ओळ आणि नकार दिल्याची एखादी नोंद मिनिट बुकात असली की कलम ६८ पुढे कमिटीची बाजू बरीच सावरते.

---

आडवी_बाटली

बिअर शॉपीचं मी लिहिते.

थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्रात वाईन शॉपची, म्हणजे एफएल-२ ची, नवी लायसन सत्तरच्या दशकापासून गोठवलेली. त्यामुळे संकुलाच्या गाळ्यात दारूचं दुकान येतं ते दोन वाटांनी: जुन्या दुकानाचं स्थलांतर, किंवा एफएल/बीआर-२, म्हणजे नवी बिअर शॉपी. तुमच्याकडे कोणती वाट आहे ते अर्जावरून बघा, स्थलांतर असेल तर आधीचं गाव आणि स्थलांतराचं कारण फाइलमध्ये असतं.

मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या गाळ्यात बिअर किंवा दारूचं नवं दुकान काढायचं तर त्या सोसायटीची एनओसी लागेल. गाळेवाल्यालाही हे माहीत आहे, नाहीतर तो तुमच्या दारात आलाच नसता. "तुम्ही अडवूच शकत नाही" आणि "एनओसी द्या" ही दोन वाक्यं एकाच तोंडी शोभत नाहीत.

पण जपून. ती घोषणा सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या भाषेत होती. तुम्ही असोसिएशन आहात. उद्या कोणी म्हणेल की कॉन्डोमिनियमला ते लागू नाही. म्हणून एनओसी दिली नाही, आता शांत बसू, असं करू नका. गप्प बसलेल्या असोसिएशनला "हरकत आली नाही" असा शेरा मिळतो. जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. त्याच पत्रात विचारा की या अर्जात संकुलाची एनओसी कोणत्या आदेशाखाली तपासली जाणार आहे. उत्तर येवो न येवो, प्रश्न फाइलला लागतो.

हरकतीत भावना नको, कागद हवेत. कोणते, ते सांगते.

डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे घोषणापत्र, सगळ्यात वर. सहकारी सोसायटीकडे नसलेलं आणि तुमच्याकडे असलेलं हत्यार तेच आहे. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याच्या कलम ११ प्रमाणे घोषणापत्रात इमारत आणि प्रत्येक अपार्टमेंट कोणत्या वापरासाठी आहे, कोणते निर्बंध आहेत, हे लिहावं लागतं. गाळेही त्यात अपार्टमेंटच. बऱ्याच बिल्डरांच्या मसुद्यात "मद्य विक्री, मांस विक्री, ज्वालाग्राही पदार्थ यांना मनाई" अशी ओळ असते आणि ती कोणी वाचलेली नसते. ती ओळ सापडली तर कलम ७ खाली असोसिएशन किंवा एकटा बाधित मालकसुद्धा दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागू शकतो. एक्साईजने लायसन दिलं तरीही.

मग भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा. गाळा नकाशात जितका आहे तितकाच आहे ना, मागच्या बाजूला मार्जिनमध्ये, म्हणजे सोडलेल्या मोकळ्या जागेत, पत्र्याची खोली काढून गोडाऊन केलंय का, शटर कुठल्या बाजूला उघडतं. बेकायदा वाढीव भागाचा फोटो तारखेसह.

अंतराच्या मोजणीचा पंचनामा आणि नकाशा माहिती अधिकारात मागवा. मोजणी कुठल्या दारापासून कुठल्या दारापर्यंत केली तेच वादाचं मूळ असतं. गाळ्याच्या पुढच्या शटरपासून मोजलं आणि शाळेचं मागचं गेट दुर्लक्षित केलं, असं होतं.

लायसन मिळून दुकान सुरू झालंच तर २५ मार्च २००८ चा आदेश आहे. वॉर्डातल्या एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी निवेदन दिलं, सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आडवी म्हणजे दुकान बंद. गोम अशी की *झालेल्या* मतदानाच्या नव्हे, *एकूण* मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, आणि मतदार तुमच्या संकुलाचे नाही, पूर्ण वॉर्डाचे. चार विंगची चारशे-पाचशे मतं त्यात कुठे पुरणार? गावात हे जमतं, शहरात अवघड. म्हणून खरी लढाई लायसन निघायच्या आधीची.

---

गाळा_नंबर_नऊ

दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. गाळ्याचा भाव फ्लॅटपेक्षा जास्त मोजलाय, मेंटेनन्सही कमर्शियल दराने जातो. घोषणापत्रात मनाई नसेल, अंतर बसत असेल, भोगवटा दुकानाचा असेल, तर कायदेशीर धंदा नुसत्या नाराजीवर अडवणं टिकत नाही. आणि विसरू नका, अपार्टमेंट असोसिएशनमध्ये मत माणशी एक नसतं, घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीवर असतं. नऊ गाळ्यांची टक्केवारी आधी बेरीज करून बघा, मग हात वर करून मतदान घ्या.

अटी घालून एनओसी द्या ना. मालाची गाडी रस्त्यावरूनच उतरेल, दुकानासमोर कोणी उभं राहून पिणार नाही, कॅमेरा, कचरा वेगळा. माणूस ऐकेल.

---

आडवी_बाटली

टक्केवारीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. हात वर करून घेतलेला ठराव याच कारणाने कोर्टात पडतो. प्रत्येक अपार्टमेंटसमोर टक्केवारी लिहिलेली यादी करा, सही घ्या, बेरीज मिनिट बुकात उतरवा.

अटींच्या एनओसीशी मात्र सहमत नाही. एक्साईजच्या दृष्टीने एनओसी म्हणजे एनओसी. तुमच्या अटी लायसनच्या अटींत उतरत नाहीत. समोर लोक पीत उभे राहिले तर एक्साईज म्हणेल पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतील दुकान लायसनचं आहे. अट मोडली म्हणून एनओसी मागे घेतो असं पत्र दिलं, तरी तोपर्यंत दुकानदाराने फर्निचर, फ्रीज, फी यात पैसे घातलेले असतात, आणि सुनावणीत त्याची बाजू जड होते. अटी घालायच्याच असतील तर गाळा मालक, दुकानदार आणि असोसिएशन असा त्रिपक्षीय नोंदणीकृत करार आधी, एनओसी नंतर. तो करायला गाळेवाला तयार होतो का, यावरून त्याचा हेतूही कळतो.

---

बावधनचा_सेक्रेटरी

घोषणापत्र काढून वाचलं. मद्याचा उल्लेख नाही, पण "इतर रहिवाशांना उपद्रव होईल असा कोणताही व्यवसाय करता येणार नाही" अशी ओळ आहे. गाळ्यांची टक्केवारी ११.४ निघाली. प्री-स्कूल चालवणाऱ्या बाईंकडे मान्यतेचा कागद मागितलाय.

विशेष सभेसाठी ठरावाचा मसुदा असा केलाय, तपासून द्या: "गाळा क्र. ४ मध्ये बिअर शॉपीस सर्व सभासदांचा विरोध असल्याने एनओसी नाकारण्यात येत आहे. तसेच क्लबहाऊसमध्ये मद्यपानास बंदी करण्यात येत आहे. तसेच ३१ डिसेंबरच्या पार्टीस परवानगी देण्यात येत आहे."

---

नियम_वाचक

तीन विषय एका ठरावात घालू नका. एकाच कागदावर "मद्यपानास बंदी" आणि खाली मद्याच्या पार्टीला परवानगी, गाळेवाल्याचा वकील तोच कागद अधीक्षकांपुढे ठेवेल: "यांना दारूचं वावडं नाही, फक्त माझ्या अशिलाचं आहे." तीन ठराव, तीन क्रमांक, आणि सभेच्या नोटिशीत तिन्ही विषय वेगवेगळे छापलेले. नोटिशीची मुदत आणि कोरम तुमच्या उपविधीत असेल तो पाळा. सहकारी सोसायटीचे आदर्श उपविधी तुम्हाला लागू नाहीत, इंटरनेटवरून नमुना उचलताना बहुतेक लोक तिथे घसरतात.

"सर्व सभासदांचा विरोध" काढा, गाळेवाला स्वतः सभासद आहे. पहिला ठराव असा करा:

"गाळा क्र. ४ येथे बिअर विक्रीच्या अनुज्ञप्तीसाठी मागितलेल्या ना हरकत पत्रावर चर्चा झाली. घोषणापत्रातील उपद्रवविषयक निर्बंध, मालाच्या चढउतारासाठी स्वतंत्र जागा नसणे आणि गाळा क्र. ७ मधील प्री-स्कूलची मुले याच पदपथाने ये-जा करत असणे, ही कारणे विचारात घेऊन ना हरकत पत्र न देण्याचा ठराव अमुक टक्के विरुद्ध अमुक टक्के मतांनी मंजूर झाला. याची प्रत अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क यांना हरकत म्हणून सादर करावी."

कारणं तुमच्या जागेवर खरी असतील तीच ठेवा. चढउताराला जागा असेल तर तो भाग काढून टाका. एक खोटं कारण निघालं की बाकीची दोन कोणी वाचत नाही.

दुसऱ्या ठरावात "बंदी" नको. "अनुज्ञप्तीशिवाय सामाईक जागेत मद्यपान करता येणार नाही" एवढं पुरे, त्यात गच्ची आणि पार्किंग नावाने लिहा.

तिसऱ्यात तारीख, वेळ, लॉनची हद्द आणि एफएल-४ए साठी अर्ज करणाऱ्याचं नाव. ते नाव कोणाचं टाकायचं यावर सभेत बराच वेळ जाईल, कारण त्या रात्री जे काही होईल त्याला पहिला जबाबदार तोच. सेक्रेटरी म्हणून तुमच्याच गळ्यात पडेल असं दिसतंय. घेणार असाल तर स्वतः पिऊ नका, आणि तलावाच्या गेटला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवा.

---

हिशेब_आधी

आणि डिसेंबर-जानेवारीत तुमच्या भागात कुठली निवडणूक लागली आहे का ते बघून घ्या. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मोजणीचा दिवस ड्राय असतो, त्या काळात एफएल-४ए असून उपयोग नाही. केटररला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी तारखा तपासा, नंतर तो परत देत नाही.